कानवाली पाटी

आमच्या माजघरातल्या फडताळात एक काळी पाटी उभी असते. मधे सात-आठ इंची पडदा, दोन्ही बाजूंना कान आणि कानांवर बटणं. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आई तिच्यावर यूट्यूबचं कीर्तन लावते. पाटी पोथीच्या व्यासपीठावर नेमकी बसते आणि आवाजही खणखणीत आहे. "कानवाली पाटी कुठे ठेवलीस रे?" असं आईने विचारलं की मला दर वेळी तीस हजार रुपयांची आठवण होते.

माझा धंदा कर सल्लागाराचा. लोकांच्या खर्चाच्या पावत्या उलगडून "हे कशासाठी घेतलंत?" असं विचारायचं, आणि त्याचे पैसे घ्यायचे. स्वतःची ही एक पावती मात्र मी कोणालाही दाखवली नव्हती. ती आज दाखवतो, कारण गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तिघांनी मला विचारलं, "क्लाउड गेमिंगचं ते हातातलं यंत्र घेऊ का?" तिघांनाही मी तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. आता एकदा सलग.

२०२३ च्या गणपतीला भाचा न्यू जर्सीहून येणार होता. "मामा, काय आणू?" या प्रश्नाला आमच्या घरातलं ठरलेलं उत्तर म्हणजे बदाम. मी त्या वर्षी हे यंत्र सांगितलं. कारण मुलाचं पुढे केलं, तो तेव्हा नववीत होता. खरं म्हणजे हौस माझी. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत शेजाऱ्यांच्या टीव्हीला जोडलेल्या कार्ट्रिजच्या गेमवर माझी पाळी येईपर्यंत आंब्याची आढी लावायची वेळ व्हायची आणि हाक यायची. ती राहिलेली पाळी मी शेहेचाळिसाव्या वर्षी घेत होतो. जाहिरातीतला मुलगा झोपाळ्यावर बसून मोठमोठे खेळ खेळत होता. झोपाळा आमच्याकडे आहेच.

यंत्राचं नाव सांगत नाही. त्याने मला फसवलं नाही, जे करायला बनवलं होतं तेच ते करत होतं. मीच वाचलं नव्हतं.

पहिल्या रात्री आरती आटोपल्यावर सगळे भोवती जमले. यंत्र सुरू झालं, वाय-फाय लागलं, खेळाच्या सेवेत शिरलो आणि पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य आलं: ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही. भाच्याचा चेहरा पडला. त्याच्याकडे न्यू जर्सीत ते छान चालत होतं. बायकोने शांतपणे विचारलं, "मग यात खेळ कुठायत?" त्या प्रश्नातच सगळा लेख आहे. यात खेळ नसतात.

क्लाउड गेमिंगमध्ये खेळ चालतो कुठल्या तरी कंपनीच्या दूरच्या मोठ्या संगणकावर. तिथलं चित्र व्हिडिओ होऊन आपल्याकडे येतं आणि आपण दाबलेलं बटण उलट तिकडे कळवलं जातं. क्रिकेटचं थेट प्रक्षेपण बघतोय आणि बॅट मात्र आपल्या हातात आहे, असं समजा. प्रक्षेपण थोडं मागे असलं तरी बघणाऱ्याचं काही बिघडत नाही. बॅट हातात असेल तर तोवर त्रिफळा उडालेला असतो.

म्हणजे पाटीचं काम एवढंच: आलेला व्हिडिओ दाखवायचा आणि बटणं कळवायची. आता गंमत बघा. या जातीतलं सगळ्यात गाजलेलं यंत्र म्हणजे लॉजिटेकचं जी क्लाउड, टेन्सेंटच्या सहकार्याने केलेलं, २०२२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत आलं, किंमत ३५० डॉलर. त्यात चिप आहे स्नॅपड्रॅगन ७२०जी. हीच चिप त्याआधी दोन वर्षं, म्हणजे २०२० मध्ये, आपल्याकडे रेडमी नोट ९ प्रो या फोनात होती आणि तो फोन सुरुवातीला १२,९९९ रुपयांना मिळत होता. यात कंपनीची लबाडी नाही. व्हिडिओ दाखवायला याहून मोठी चिप लागतच नाही, आणि छोटी चिप असल्याने बॅटरी दहा-बारा तास टिकते. पण ग्राहकाने हे समजून घ्यावं की ज्या फोनाला आपण कपाटात टाकलंय त्याच्या ताकदीचा ऐवज आपण नव्याने विकत घेतोय. जास्तीचे पैसे पडद्याचे, बॅटरीचे आणि कानांचे.

मी हे तेव्हा समजून घेतलं नाही. हट्टाला पेटलो. कुणीतरी व्हीपीएन सुचवलं, म्हणजे आपण अमेरिकेत आहोत असं भासवायचं. खेळ चालू झाला आणि घरात टाळ्या पडल्या. टाळ्या फुटबॉलचा सामना सुरू होईपर्यंतच टिकल्या. मी बटण दाबायचो आणि समोरच्या गोलकीपरने चेंडू उचलून पुढे दिल्यावर माझा खेळाडू हवेत लाथ मारायचा. हिशेब सोपा आहे. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद. आमच्या रत्नागिरीहून अमेरिकेला जाऊन यायला संदेशाला दोनशे मिलिसेकंद तरी लागतात. मी कायम बारा चित्रं मागे खेळत होतो. शिवाय देश खोटा सांगून सेवा वापरणं बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. कर सल्लागाराने असले उद्योग करू नयेत. चार दिवसांत सोडून दिलं. अनंत चतुर्दशीला गणपती गेले, भाचा गेला आणि पाटी फडताळात गेली. आईने तिला तिथून काढून कीर्तनाला लावलं.

घेण्याआधी एक बातमी मी नीट वाचली असती तरी पुरलं असतं. गुगलसारख्या कंपनीने स्टेडिया नावाची क्लाउड गेमिंग सेवा २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू केली आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद केली. भारतात ती कधी आलीच नाही. स्वतःच्या दुकानातून घेतलेल्या यंत्रांचे आणि खेळांचे पैसे गुगलने परत केले, हा मोठेपणा. तो प्रत्येक कंपनी दाखवेलच असं नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मी यंत्र मागवत होतो.

बरं, सेवा पुढेमागे येईल असं म्हणून यंत्र आधी घेऊन ठेवण्याचा मोह होतो. एनव्हिडियाने जिफोर्स नाऊ ही आपली सेवा २०२५ च्या पहिल्या सहामाहीत भारतात आणू असं त्या वर्षाच्या जानेवारीत जाहीर केलं होतं. सहामाही उलटली तरी ती आलेली नव्हती. मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग आली ती २०२५ च्या नोव्हेंबरात. परदेशात ती २०२० पासून होती. तोवर माझी पाटी दोन वर्षं कीर्तनात मुरलेली आणि तिची वॉरंटी केव्हाच संपलेली. परदेशातून आणलेल्या यंत्राला इथे वॉरंटी असतेच असंही नाही, आणि आमच्या खाऱ्या हवेत बटणांच्या फटीत काय साचतं ते समुद्राकाठच्या माणसाला सांगायला नको.

पण त्या नोव्हेंबरात मी पाटी पुन्हा खेळायला काढली. आईला तात्पुरता माझा फोन दिला. वाटलं, आता सेवा देशात आहे, घरात फायबर आहे, शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे, आता काय अडचण? तरीही चित्र अडखळायचं. गाडी वळणावर यायची, पडद्यावर चौकोन-चौकोन व्हायचे आणि सावरेपर्यंत मी शेतात. मी रत्नागिरीला दोष दिला. मोठे संगणक मुंबई-पुण्यात, आपण इतके लांब, चालायचंच. मुलगा आता अकरावीत, विज्ञान शाखेत. तो म्हणाला, "बाबा, काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. पुणं वळसा घालून पाचशे किलोमीटर धरलं तरी जाऊन-येऊन पाच मिलिसेकंद." मग त्याने पाटी उचलली आणि घरभर मोजत हिंडला. ओटीवर, राउटरशेजारी, पिंग, म्हणजे संदेश जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, बावीस-तेवीसवर स्थिर. माजघरात तेच आकडे एकशे चाळीसपर्यंत उड्या मारतायत.

भिंत. आमचं घर आजोबांनी बांधलेलं, जांभ्या चिऱ्यांचं, भिंती दीड हात जाड. फायबरवाल्याला ओटीवर भोक पाडणं सोपं होतं, म्हणून राउटर ओटीवर आणि खेळणारा दोन भिंती पलीकडे. चित्रपट बघताना हे कळत नाही. तिथे व्हिडिओ आधीच थोडा उतरून साठलेला असतो, मधे गचका बसला तरी साठ्यातून भागतं. खेळात साठवायला काही नसतंच, तुम्ही बटण दाबेपर्यंत पुढचं चित्र जन्माला आलेलं नसतं. म्हणून प्लॅनचा वेग कितीही मोठा असला तरी तो फारसा कामाचा नाही. आकडा किती स्थिर राहतो ते पाहायचं. राउटरवर दोन पट्टे असतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पण जाड भिंतीत दमतो, २.४ चा भिंत पार करतो पण शेजारपाजारच्या सगळ्यांची त्यावर गर्दी. आम्ही शेवटी माळ्यावरून एक लॅनची तार माजघरात आणली आणि तिथे दुसरा छोटा राउटर लावला. खर्च अडीच हजार. तीस हजारांनी जे झालं नव्हतं ते अडीच हजारांत झालं. ही तार आधी टाकली असती तर, हे वाक्य आमच्या घरात आता कोणीही पूर्ण करत नाही.

आता ज्यांनी मला विचारलं त्यांच्यासाठी. पहिलं, यंत्र सोडा, हातातला फोन घ्या आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिमटा मारून बसणारा कंट्रोलर आणा. चार-पाच हजारांत बरा मिळतो, कुणाचा उसना मिळाला तर आणखी चांगलं. सेवेच्या एका महिन्याच्या वर्गणीचे पैसे भरा आणि तो महिना शक्यतो जुलै निवडा. कोकणात लाईट, तार आणि टॉवर यांची परीक्षा जुलैतच होते. डिसेंबरात सगळंच चालतं. रात्री नऊ वाजता खेळून बघा, कारण तेव्हा अख्खी आळी व्हिडिओ बघत असते. लाईट गेल्यावर घर इन्व्हर्टरवर चालतं पण राउटर त्या लाइनीवर आहे का, हे आमच्याकडे कित्येकांना लाईट गेल्यावरच कळतं. आणि रस्त्याच्या चौपदरीकरणात तार तुटली तर काही इलाज नाही, पत्ते काढा. त्या महिन्यात फोनवर तुम्हाला मजा आली आणि फक्त पडदा लहान वाटला, तर मग यंत्राचा विचार करा. मजाच आली नाही तर मोठ्या पडद्यावरही येणार नाही.

मोबाईलच्या डेटावर चालेल का, असं पावस गावाहून एकाने विचारलं. चांगलं चित्र हवं तर १५ एमबीपीएस धरा, तासाला पावणेसात जीबी. रोज दोन जीबीचा रिचार्ज असेल तर अठरा मिनिटांत संपतो. घरच्या फायबरला महिन्याला काही हजार जीबी असतात, तिथे ही काळजी नाही.

प्रवासात खेळायला म्हणून घेणार असाल तर कोकण रेल्वेने एकदा मुंबईला जाऊन या. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा, आणि कोकण रेल्वेच्या अख्ख्या मार्गावर लहानमोठे बोगदे नव्वदच्या वर आहेत. क्लाउडचा खेळ बोगद्यात थांबत नाही, तो तिकडे चालूच राहतो, फक्त तुम्ही त्यात नसता. प्रवासासाठी खेळ ज्याच्या पोटात साठवता येतो असं यंत्र लागतं. अशा यंत्रांची किंमत वेगळी. आसूसचं आरओजी ॲलाय २०२३ मध्ये भारतात आलं तेव्हा ६९,९९० रुपयांना होतं.

सोनीच्या प्लेस्टेशन पोर्टलबद्दल वेगळं सांगतो, कारण ते भारतात रीतसर विकायला आलं, २०२४ च्या सप्टेंबरात, १८,९९० रुपयांना, म्हणून लोकांना ते सुरक्षित वाटतं. परदेशात सोनीच्या वरच्या वर्गणीवर ते आता क्लाउडवरूनही खेळ दाखवतं. भारतातली वरची वर्गणी डीलक्स नावाची आहे आणि तिच्यात क्लाउड नाही. म्हणजे आपल्याकडे पोर्टल घ्यायचं तर घरात आधी पन्नास हजारांच्या आसपासचा प्लेस्टेशन ५ हवा. पोर्टल त्याचंच चित्र दुसऱ्या खोलीत आणतं. त्यावर यूट्यूबही नाही, आईच्या दृष्टीने अगदीच निरुपयोगी.

पण गंमत अशी की मला माहीत असलेला एकमेव समाधानी माणूस पोर्टलवालाच आहे. माळनाक्याला राहतो, घर नवीन, भिंती पातळ. प्लेस्टेशन आधीपासून होता. संध्याकाळी सात ते साडेदहा टीव्हीवर मालिका, त्या वेळचा टीव्हीवरचा हक्क त्याने लग्नाच्या वेळीच सोडला होता. त्याच्यासाठी ते एकोणीस हजार म्हणजे दुसऱ्या टीव्हीची आणि घरातल्या शांततेची किंमत, आणि ती मला महाग वाटत नाही. त्याला यंत्र कशासाठी हवंय ते घेण्याआधी एका वाक्यात सांगता येत होतं. मला विचारलं असतं तर मी झोपाळ्याबद्दल बोललो असतो.

गेल्या महिन्यात मी पाटी विकायला काढली. मुलगा जुन्या फोनाला चिमटा लावून खेळतो आणि मीही अधूनमधून त्याच्याकडून मागून घेतो, तेव्हा पाटीची गरज उरली नव्हती. कुवारबावहून एक तरुण आला. पाटी हातात घेऊन उलटसुलट बघितली, बटणं दाबली, वजन तोललं. आवडलेली दिसत होती. मग त्याने विचारलं, "काका, यात किती गेम आहेत?"

"एकही नाही," मी म्हटलं आणि त्याला विचारलं, "तुमचा राउटर कुठल्या खोलीत आहे?"

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग चहा पिऊन, घरी विचारून सांगतो म्हणून गेला. आतून आईने हाक मारली, "गेला का तो? मग आण हो इकडे, सात वाजले."