आधी तोंडानं सांग

अगं ए वेडाबाई, मंडळाच्या कार्यक्रमात एक गोष्ट सांग म्हटलं तर एवढी कसली गारठलीस? ‘मी लिहिते ताई, स्टेजवरचं काम माझं नाही’ हे तुझं पालुपद आता पुरे. लिहिणारे एका जातीचे आणि स्टेजवरचे दुसऱ्या, हे तुला शिकवलं कुणी?

आपल्याकडचा शक्ती-तुऱ्याचा सामना तू लहानपणापासून बघतेस. मधे ढोलकीवाला आणि शाहीर बसलेले, भोवती पायात घुंगरं बांधून फेर धरलेली पोरं. तुझं सगळं लक्ष नाचाकडे. यंदा जरा शाहिराकडे बघ. गाणी बरेचदा त्यानंच बांधलेली असतात. शक्तीवाले शक्तीला थोर म्हणणार, तुरेवाले शिवाला. एकानं पुराणातला सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जबाब गाण्यातूनच द्यायचा. घरून वही भरून आणलेली असते, पण समोरच्यानं भलतीकडूनच वार केला की ती वही मिटून ठेवावी लागते. मग पुढचं तिथंच, मंडपात, लोकांच्या तोंडाकडे बघत रचायचं. आता सांग, हा लेखक की कलाकार? त्याला विचारलंस तर तो हसेल तुला.

बरं, शाहीर राहू दे. तुझ्या कपाटातली पुस्तकं बघ. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर हे तिघे साठच्या दशकात गावोगाव एकत्र कथाकथन करत हिंडले. तिघेही पक्के लेखक, पेशानं नट कुणीच नव्हे. मिरासदार तर कॉलेजात शिकवायचे. पाटलांची ‘धिंड’ किंवा मिरासदारांची ‘माझ्या बापाची पेंड’ कितीतरी लोकांनी वाचायच्या आधी ऐकली. मोबाइलवर रेकॉर्डिंग सापडतं, ऐक. आणि हसू नकोस, कान देऊन ऐक. मिरासदार हशा पिकला की थांबतात, हशा ओसरत आला की नेमकं पुढचं वाक्य टाकतात. तू परिच्छेद पाडतेस ना, तो हाच थांबा. फक्त त्यांना समोरची तोंडं दिसतात, तुला दिसत नाहीत. तू अंदाजानं पाडतेस.

आणि ते लक्ष्मण देशपांडे! ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ त्यांनीच लिहिलं, त्यांनीच एकट्यानं केलं. बावन्न पात्रं. ‘तो रागाने म्हणाला’, ‘ती लाजून उत्तरली’ असं लिहायची तुला सोय आहे, त्यांना कुठं होती? माणूस तोंड उघडताक्षणी ओळखूच यायला हवा. तुझ्या गोष्टीवर हाच प्रयोग कर. संवादांपुढची नावं झाकून मला वाचून दाखव. कोण बोलतंय ते मला कळलं नाही, तर ते पात्र अजून कच्चं आहे.

तुझी ती माणगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या एसटीची गोष्ट घे. गोष्ट चांगली आहे, खरंच. पण गाडी अडकते तिसऱ्या पानावर! तोवर ढग, पाऊस, हिरवी शेतं आणि सात माणसांची नावं. वाचणारा मागचं पान उलटून बघेल की ही सुमनमावशी कोण. ऐकणाऱ्याला कुठलं मागचं पान? त्यामुळे गाडी आधी अडकव, माणसं एकेक करून आत सोड. आणि तुझा कंडक्टर ‘कृपया पुढे सरकावे’ म्हणतो! कुठल्या डेपोचा गं हा? ‘पुढं सरका, पुढं सरका, आत मोकळंच आहे’ असं तो ओरडायला हवा, आणि आत मुंगी शिरायला जागा नको.

हे सगळ्याच गोष्टींना लागू आहे असं मी म्हणत नाही हं. जी. ए. कुलकर्णींची कथा मांडवात सांगून बघ, लोक चपला शोधायला लागतील. ती एकट्यानं, हळूहळू वाचायची. ते स्वतःही लोकांपासून लांबच राहिले. तुला त्या वाटेनं जायचं असेल तर खुशाल जा. पण तुझा कल तसला नाही. दुपारी मामीची नक्कल करत होतीस तेव्हा ओटीवरची सगळी कामं थांबली होती, बघितलं मी.

पाठांतर मात्र करू नकोस, एक शब्द निसटला की सगळंच कोसळतं. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य तेवढं घट्ट धर, मधलं येईल तसं सांग. जिथं जीभ अडखळेल तिथं वहीत पेन्सिलीनं खूण कर. बहुतेक ते वाक्य लिहितानाच अडलेलं असतं. हातवारे नकोत. माईक तोंडाला चिकटवून धरू नकोस. आणि कुणी मधेच उठून गेलं तर बघू नकोस तिकडे, त्याला लघवीला जायचं असतं.

आज भाकऱ्या झाल्या की आजीपुढं बसायचं आणि वही न उघडता सांगायचं. तिला डुलकी लागली की मी तुला खुणावीन. तेवढा भाग उद्या उडवून टाकू.