आधी टाकीचा बझर वाजव

बाळा, आर्डुइनो बोर्डाचा हट्ट जरा बाजूला ठेव. तो मिळेल तुला, पण त्याआधी टाकी भरल्याची वर्दी देणारा बझर करून दाखव. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं आपल्याच शहापूर तालुक्यात, तरी उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो. टाकी भरून पाणी वाहून गेलेलं आपल्याला परवडत नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३पासून हीच रीत घालून दिली: गावाच्या गरजेचं काम करता करता विज्ञान शिकायचं.

सामान थोडंच. ९ व्होल्टची बॅटरी, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १० किलोओहमचा रेझिस्टर, छोटा बझर. बॅटरीच्या प्लसची एक वायर टाकीच्या तळापर्यंत सोड. दुसरी वायर काठाच्या जरा खाली थांबव आणि रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला जोड. बझर प्लस आणि कलेक्टरच्या मध्ये, एमिटर मायनसला. पाणी वरच्या वायरीला टेकलं की किंचित करंट बेसमध्ये शिरतो आणि तेवढ्यावर ट्रान्झिस्टर बझर चालू करतो.

हे सगळं आधी टिंकरकॅड या सिम्युलेटरवर जोडून बघ. ब्राउझरमध्ये चालतं, पैसे पडत नाहीत. बझरच्या जागी एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर लाव. तिथे पाणी नाही, म्हणून पाण्याऐवजीही रेझिस्टरच लाव: आधी १० किलोओहम, मग ५०, मग ५००. एलईडी कुठे मंद होतो ते वहीत लिहून ठेव. फोनवर फालस्टॅडचा सिम्युलेटर उघडलास तर करंट ठिपक्यांसारखा वाहताना दिसेल. तोही बघच, ओहमचा नियम डोळ्यांत भरतो.

मग पातेलंभर पाणी घे, मल्टिमीटर ओहमवर ठेव आणि दोन्ही टोकं पाण्यात बुडव. आकडा एका जागी ठरणार नाही, सरकत राहील. करंट वाहू लागला की धातूच्या टोकांपाशी रासायनिक क्रिया सुरू होते, तुझ्या सिम्युलेटरमधल्या रेझिस्टरला ते ठाऊक नसतं. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, म्हणून रोध कमी. पावसाच्या पाण्याचं उलट. पावसाळ्यात बझर कण्हायला लागला तर आणखी एक बीसी५४७ लाव: पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला, दोघांचे कलेक्टर एकत्र. याला डार्लिंग्टन जोडी म्हणतात. पडद्यावरच्या आणि पातेल्यातल्या आकड्यांत फरक पडला की वैतागू नकोस, तो का पडला ते शोध. माझ्या मते खरं शिक्षण तिथेच आहे.

प्लसची तांब्याची वायर पाण्यात झिजते, हिरवट पडते. टोकाला स्टेनलेस स्टीलचा स्क्रू लाव आणि पंप चालू असेल तेवढाच वेळ बॅटरी जोड.

वाजलं नाही तर पार्ट बदलत सुटायचं नाही. मीटर व्होल्टवर घे आणि बॅटरीपासून सुरुवात कर. मग बेस आणि एमिटरमध्ये मोज. ०.६ ते ०.७ व्होल्ट आले तर पाण्याकडची बाजू ठीक, गडबड बझरकडे. शून्याजवळ असेल तर बेसकडची वायर तपास. बीसी५४७ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. वेगळ्या नंबरच्या ट्रान्झिस्टरला हा क्रम बदलू शकतो. काही ब्रेडबोर्डच्या कडेच्या लांब पट्ट्या मध्येच तुटलेल्या असतात, तेही मीटर बीपवर ठेवून बघ.

२३० व्होल्टला हात लावायचा नाही. पंप आपोआप बंद व्हावा असं वाटेल, पण ते काम वायरमनचं. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्हीही खोलू नकोस, बंद केल्यावरसुद्धा ट्यूबमध्ये चार्ज राहतो.

खरेदीला दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतर. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत जाताना यादी लिहून ने आणि रविवार टाळ. पैसे कमी पडले तर बाकीचं राहू दे, मल्टिमीटर आण.

ब्रेडबोर्डवर आठवडाभर नीट चाललं की मगच सोल्डरिंग. आधी सांधा तापव, मग त्याला सोल्डर लाव. सोल्डरिंग आयर्नवर थेंब वितळवून सांध्यावर टाकलास तर तो नुसता वर बसतो, धरत नाही. खिडकी उघडी ठेव. सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही.