हत्यार घ्यावे एकदाच, पुरवावे जन्मभर



बियाणे, खत आणि पाणी यांवर या पत्रिकेतून आम्ही नेहमीच लिहितो. आज विषय थोडा वेगळा घेतला आहे. आपल्या घराच्या वळचणीला खोचलेले खुरपे, कोपऱ्यात उभी असलेली कुदळ आणि दावणीजवळ टांगलेला कोयता यांच्याकडे आपले म्हणावे तितके लक्ष नसते. पण उसाच्या उत्पन्नातला मोठा वाटा याच हत्यारांच्या धारेवर अवलंबून असतो.

प्रथम आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी गटातील सभासदांसाठी आम्ही एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात खुरपी आणून वाटली. दर कमी म्हणून आम्हीही खूश होतो. पंधरा दिवसांनी एका वस्तीवर गेलो तेव्हा भांगलण चालू होती. एका म्हाताऱ्या आजींनी वाकडे झालेले खुरपे आमच्यापुढे धरले आणि म्हणाल्या, "साहेब, ह्ये खुरपं हाय का उलथनं?" आम्हाला उत्तर सुचले नाही. आजींच्या कमरेला खोचलेले खुरपे त्यांच्या सासूच्या वेळचे होते. झिजून निम्मे झाले होते, पण धार तशीच होती. त्या दिवसापासून आम्ही हत्यार पाहायला शिकलो. जे शिकलो ते पुढे मुद्देवार देत आहोत.

१. लोखंड कोणते आहे? साध्या मऊ लोखंडात कार्बनचे प्रमाण शेकडा पाव टक्क्यापर्यंत असते. त्याला कितीही तापवून पाण्यात बुडवले तरी म्हणावा तसा कडकपणा येत नाही. धारेच्या हत्याराला शेकडा अर्ध्या टक्क्याच्या वर कार्बन असलेले पोलाद लागते. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा अशाच पोलादाचा असतो, म्हणून आपल्याकडे "पाट्याचा कोयता" नावाजला जातो. विकत घेताना पात्याचे टोक फळीवर टेकवून हलके दाबून पाहावे. वाकून पुन्हा सरळ झाले तर माल चांगला. वाकलेलेच राहिले तर ते उलथनेच समजा.

२. पाणी कसे दिले आहे? लोहार पाते लालभडक तापवतो आणि पाण्यात किंवा तेलात बुडवतो. यालाच आपण पाणी देणे म्हणतो. या वेळी पाते काचेसारखे कडक पण ठिसूळ होते. म्हणून ते पुन्हा मंद तापवावे लागते. घासून चकचकीत केलेल्या भागावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढत जातो. पिवळ्यावर थांबवले तर धार कडक राहते, पण दगडावर बसली की तुकडा उडतो. निळ्याच्या पुढे गेले तर धार लवकर बसते. कोयत्यासारख्या घाव घालायच्या हत्याराला तपकिरी ते जांभळा हा मध्यम मार्ग बरा. पारख सोपी आहे. धारेवर कानस फिरवावी. कानस लोण्यासारखी शिरली तर पाते मऊ, नुसती घसरली तर ठिसूळ, किंचित धरली तर योग्य.

३. दांडा व मूठ. दांडा बाभळीचा, आतल्या पक्क्या लाकडाचा आणि सरळ रेषांचा असावा. ओले लाकूड वाळल्यावर आकसते आणि हत्यार निसटून अपघात होतो. खुरप्याचे लोखंड मुठीत खोलवर गेलेले आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे बसवलेले असावे. मूठ ज्या बाईला दिवसभर धरायची आहे तिच्या हातात देऊनच पसंत करावी.

४. झिजणारा भाग बदलता येतो का? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल अशी भीती लोकांना वाटली होती. पुढे तोच नांगर घरोघर गेला. लोखंडी नांगराचा एक मोठा गुण असा, की झिजतो तो फाळ, आणि फाळ बदलला की नांगर पुन्हा कामाला तयार. कोणतीही वस्तू घेताना हाच प्रश्न विचारावा. फवारणी पंपाचे वॉशर आणि नोझल गावच्या बाजारात मिळतात का? मिळत नसतील तर तो पंप पहिल्या बिघाडालाच अडगळीत जाणार.

आता हिशेब पाहू. उदाहरणादाखल, ६० रुपयांचे खुरपे वर्षाला दोन लागली तर दहा वर्षांत १,२०० रुपये जातात. २०० रुपयांचे चांगले खुरपे घेतले आणि वर्षाला ३० रुपये देऊन लोहाराकडून शेवटून घेतले, तर दहा वर्षांत ५०० रुपये होतात. शिवाय बोथट खुरप्याने बायकांची मनगटे दुखतात आणि काम मागे पडते, ते वेगळेच.

खरा तोटा खोडव्यात होतो. उसाच्या बुडख्याकडील कांड्यांत साखर जास्त असते. बोथट कोयत्याने तोडणारा माणूस नकळत वर घाव घालतो. वजन आणि उतारा दोन्ही शेतातच राहतात. शिवाय बुडखा फाटतो, त्यात कुज शिरते आणि जमिनीच्या वरच्या डोळ्यांतून अशक्त फुटवे येतात. तोडणीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणतात, इतके हे हत्यार माणसाशी जोडलेले आहे. टोळी आपल्या फडात आली की जमिनीलगत तोडणीचा आग्रह धरा, आणि धार लावायला चांगला दगड व पाणी तुम्ही स्वतः द्या.

बेणे तोडतानाही पाते धारदार आणि स्वच्छ हवे. खोडव्याची वाढ खुंटवणारा रोग कोयत्याच्या पात्यावरून एका उसातून दुसऱ्यात जातो. एका प्लॉटमधून दुसऱ्यात जाताना पाते जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवून घ्यावे.

निगा: काम संपले की माती धुवावी, पुसून तेलाचा हात फिरवावा. खताच्या पोत्यांजवळ हत्यार ठेवू नये, गंज लवकर चढतो. यंत्राच्या दगडावर धार लावताना वरचेवर पाण्यात बुडवावे. पात्यावर निळी झाक आली की तेथले पाणी उतरले म्हणून समजा.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. या वर्षी हळद-कुंकू लावण्याआधी प्रत्येक हत्याराची धार आणि दांडा तपासा. जे दुरुस्त होण्याजोगे असेल ते गळीत हंगामापूर्वी लोहाराकडे न्या. नवीन घ्यायचे असेल तर एकच घ्या, पण असे घ्या की तुमच्या सुनेनेही ते कमरेला खोचावे.

ऊस विकास अधिकारी