बिनतारी हत्यारं आणि चिऱ्याच्या भिंती

बांदिवड्याचं आमचं घर चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं. अशा घरात पावसाळ्यागणिक काही ना काही निखळतं. कधी दाराची बिजागरी, कधी खिडकीची कडी, कधी पन्हळीचा आकडा. प्रत्येक वेळी मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलावणं जमत नाही, म्हणून बॅटरीवर चालणारं ड्रिल आणि पाठोपाठ छोटा ग्राइंडर घरात आला. ही हत्यारं हाताळताना मला जे उमगत गेलं ते इथे मांडते आहे. तुमच्या भिंती वेगळ्या असतील, तुम्हाला वेगळंच काही सापडलं असेल.

1. बॅटरी म्हणजेच प्लग, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. मिक्सरच्या पात्याला हात लावण्याआधी प्लग काढायचा, हे आईने लहानपणीच शिकवलेलं. बिनतारी ड्रिलला वायरच नाही, त्यामुळे टेबलावरचं ड्रिल बंदच आहे असं वाटतं आणि हात सरळ बिटकडे जातो. पण बॅटरी आत असेपर्यंत वीज तिथे हजर असते. ट्रिगरला बोटाचा धक्का पुरतो. आमच्याकडे येणारा मेस्त साठी ओलांडलेला, रंध्यावर हात बसलेला माणूस. बिट बदलायचं झालं की तो आधी बॅटरीच्या दोन्ही बाजूंच्या कळा दाबतो, ती सरकवून काढतो, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतो आणि मगच बिट धरणाऱ्या चकला हात लावतो. एकाच स्क्रूचं काम असलं तरी हेच, घाई असली तरी हेच. ड्रिल खाली ठेवताना उलटसुलट फिरवण्याचं बटण मधोमध आणतो. तिथे ट्रिगर दाबलाच जात नाही. हे सगळं मी त्याच्याकडे बघून शिकले, माहितीपुस्तिका नंतर वाचली.

2. चिरा दगड असला तरी त्याच्याशी काँक्रीटसारखं वागून चालत नाही. हॅमर लावला की भोक आतून ढासळतं, रुंदावतं, आणि बसवलेला रावल प्लग नुसत्या बोटांनी बाहेर येतो. म्हणून हॅमर बंद, बिट एक माप लहान, हात हलका, आणि प्लग नेहमीपेक्षा लांब. दोन चिऱ्यांच्या सांध्यात तर भोक पाडूच नये. आणि ती तांबडी धूळ! ड्रिलच्या कुशीतल्या फटी मोटरला हवा मिळावी म्हणून असतात. धूळ नेमकी तिथेच जाऊन बसते आणि मोटर तापू लागते. काम संपलं की बॅटरी काढून कोरड्या ब्रशने त्या फटी झाडाव्या लागतात. तीच धूळ आपल्या छातीतही जाते, तेव्हा नाकावर मास्क हवा. डोळ्यांवर बाजूंनीही झाकणारा चष्मा हवा. वाचायच्या चष्म्यावर ते काम भागत नाही.

3. वायर नसली की माणूस उंच चढतो. चतुर्थी जवळ आली की गणपतीवर टांगायच्या माटोळीचे आकडे बघायचे असतात. सुपारीचे घड, नारळ, केळी, रानातली फळं, सगळा भार त्या आकड्यांवर आणि खाली गणपती, म्हणून आकडा वाशातच हवा. फणसाचं जुनं लाकूड लोखंडासारखं. आधी बारीक भोक न पाडता जाड बिट घातलं की ते मध्येच अडकतं, आणि मग बिट थांबतं पण मशीन फिरतं. साध्या ड्रिलमध्येही मनगट मुरगळण्याइतका जोर असतो, आणि आपण त्या वेळी स्टुलावर एका हाताने लटकलेले. म्हणून शिडी, खाली धरायला माणूस, आणि ड्रिलला दोन्ही हात. स्क्रू बसवताना पुढचं अंकांचं कडं कमीवर ठेवलं की ठरावीक जोरापुढे ते घसरतं आणि हात वाचतो. कडं ड्रिलच्या चित्रावर असलं की मात्र ही सोय मिळत नाही.

4. ड्रिलला तार नाही म्हणून शॉक बसणार नाही, हा समज सर्रास आढळतो. वीज भिंतीत असते. जुन्या घरांतून लाकडी पट्टीवरून गेलेली वायर डोळ्यांना दिसायची. नव्या खोल्यांत ती भिंतीत गडप झाली. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत मी बिट टेकवत नाही. शंका आली की मेन स्विच बंद. घरातली वीज बंद ठेवूनही काम करता येतं, हा तर बिनतारी हत्याराचा मोठाच फायदा आहे.

5. ग्राइंडरची मला भीती वाटते, आणि ती जाऊ नये असंच वाटतं. कटिंग डिस्कच्या कडेचा कमाल वेग साधारणपणे सेकंदाला 80 मीटर धरलेला असतो, म्हणजे ताशी 288 किलोमीटर. डिस्कवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असेल तर ती डिस्क त्या मशीनला लावायचीच नाही. चांगल्या डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि साल असतं, तेही बघते. बांधकामांवर गार्ड काढून, लाकडाचं दातेरी पातं लावून चालवलेले ग्राइंडर दिसतात, तेव्हा माझा जीव वरखाली होतो. दाता लाकडात रुतला की मशीन उसळून अंगावर येतं आणि मध्ये आडवं काहीच नसतं. त्या मुलांना कोणीतरी हे समजावून सांगायला हवं. ठेकेदाराने तर नक्कीच. पदर, ओढणी, मनगटावरचा देवळातला दोरा, हे फिरत्या हत्याराजवळ नको. ड्रिल चालवताना सैल हातमोजेही नकोत, बिट त्यांना बोटांसकट ओढतं.

6. बॅटरीबद्दलचे जुने सल्ले आता उलटे पडतात. ‘पूर्ण उतरव आणि मग चार्ज कर’ हे निकेल-कॅडमियमच्या काळचं. 1991 साली सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली, पुढे ती हत्यारांतही आली, आणि तिला तळाशी जाणं सोसत नाही. महिनाभर काम नसेल तर निम्मी भरलेली ठेवावी, गार आणि कोरड्या जागी. मे महिन्यात बंद गाडीत तर मुळीच नाही. आखातात असलेली आमच्याकडची मंडळी येताना अशी हत्यारं आणतात. सुटी बॅटरी विमानात चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेत घ्यावी लागते. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरची बॅटरी 90 वॉट-अवरची, म्हणजे 100 च्या नेहमीच्या मर्यादेत बसते. ती हातातल्या बॅगेत घेण्यामागचं कारण कळलं आणि मला ते घरासाठीही पटलं: बॅटरी पेटलीच तर माणसांच्या डोळ्यांसमोर पेटावी, आवरता येईल अशा ठिकाणी. तेव्हापासून चार्जर गादीजवळ नाही, निजल्यावर नाही, घराला कुलूप लावून तर नाहीच. विजा कडाडायला लागल्या की तो भिंतीतून काढून ठेवते.

7. आपला पाऊस लोखंडाला सोडत नाही. बिटं किंचित तेल लावून डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. बॅटरीचे संपर्क फक्त कोरड्या फडक्याने पुसायचे. स्क्रूच्या डब्यात सुटी बॅटरी टाकू नये, दोन टोकं स्क्रूने जोडली गेली तर जाळ होतो.

8. बॅटरी फुगली की तिचा जीव संपला असं समजावं. ती चार्ज करून बघायची नाही, उघडायची नाही, भंगारात द्यायची नाही. तिथे ती चेपली गेली तर पेट घेते, आणि भाजतो तो भंगार निवडणारा माणूस. टोकांवर चिकटपट्टी लावून ती घराबाहेर, पेटण्यासारखं जवळ काही नसेल अशा सावलीत ठेवते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. म्हणून नवी घेताना मी दुकानदाराला किंमत विचारण्याआधी जुनी कुठे द्यायची ते विचारते. स्वस्तातली नक्कल बॅटरी विकणाऱ्याकडे याचं उत्तर नसतं, आणि मग ती बॅटरी मी घेत नाही.