गुणतालिका आणि आनंदाची निवेदने

चि. पुतण्यास,

चिरंजीवाने पाठवलेले विडंबनलेख, ज्यांत लिंक्डइनवरील आत्मगौरवाची भाषा हरलेल्या इंग्लिश फुटबॉल संघांच्या तोंडी घातली आहे, लक्षपूर्वक वाचले गेले, आणि त्यांतील काही जागा खरोखरच साधलेल्या असल्यामुळे उरलेल्यांविषयी सविस्तर लिहिणे योग्य वाटते. विडंबन म्हणजे एखाद्या शैलीची हुबेहूब नक्कल करून, तिच्यात तिला न पेलणारा विषय घालून, त्या शैलीचे दोष तिच्याच तोंडून वदवून घेणे. मराठी वाचकाला हा प्रकार आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या टोपणनावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’मुळे चांगला परिचित आहे, आणि तो संग्रह टिकला याचे कारण असे की, समकालीन कवींची वळणे व त्यांचे लाडके शब्द त्यात अतिशय बारकाईने टिपलेले आहेत. नव्या विडंबनकाराला याहून कमी तयारीवर भागवता येणार नाही.

ज्या शैलीची नक्कल करायची ती अशी का घडली, हे आधी समजून घ्यावे. लिंक्डइन हे व्यावसायिक ओळखी वाढवण्यासाठीचे समाजमाध्यम २००३ मध्ये सुरू झाले आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. तेथे लिहिलेले वाक्य आजचा वरिष्ठ, उद्याचा मालक आणि जुना सहकारी असे तिघेही एकाच वेळी वाचतात, त्यामुळे अपयशाला अपयश म्हणण्याची सोय तेथे कोणालाच उरत नाही आणि प्रत्येक फसलेली गोष्ट ‘धडा’, ‘प्रवास’ किंवा ‘संधी’ होऊन प्रकट होते. निवेदनाच्या सुरुवातीच्या काही ओळीच वाचकाला दिसतात व पुढचे वाचण्यासाठी त्याला कळ दाबावी लागते, म्हणून पहिले वाक्य चटकदार असते, एकेका वाक्याचा परिच्छेद होतो, आणि प्रतिसाद वाढावेत म्हणून शेवटी एखादा प्रश्न टाकला जातो.

फुटबॉलमध्ये याच्या अगदी उलट व्यवस्था आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस संघ प्रत्येकी अडतीस सामने खेळतात, विजयाला तीन गुण व बरोबरीला एक गुण मिळतो, आणि तळाचे तीन संघ पुढच्या हंगामात खालच्या श्रेणीत उतरवले जातात. ही गुणतालिका कोणाच्याही शब्दांनी बदलत नाही. पराभव कधीच मान्य न करणारी भाषा आणि पराभवाखेरीज काहीच न दाखवणारा आकडा यांची गाठ पडते तेव्हाच या प्रकारातले हसू जन्माला येते, आणि चिरंजीवाचे लेख जेथे पडले आहेत तेथे नेमका हा आकडाच हरवला आहे. गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटणे, प्रशिक्षकाची हकालपट्टी, पावसात भिजणारे प्रेक्षक हे सारे कोणत्याही संघाचे असू शकते, आणि म्हणूनच त्यात कोणताच संघ दिसत नाही.

साउथहॅम्प्टनचा २०२४-२५ चा हंगाम याच कारणासाठी पुन्हा अभ्यासावा. या संघाने दोन सामने जिंकले, सहा बरोबरीत सोडवले, तीस गमावले, आणि सात सामने शिल्लक असतानाच त्याचे खाली उतरणे निश्चित झाले. त्यानंतर प्रश्न एवढाच उरला की, डर्बी काउंटीने २००७-०८ मध्ये केलेला अवघ्या अकरा गुणांचा नीचांक तरी टळतो की नाही. १० मे २०२५ रोजी बलाढ्य मँचेस्टर सिटीशी गोलशून्य बरोबरी झाली, बारावा गुण मिळाला, आणि समर्थकांनी विजेतेपद मिळाल्यासारखा जल्लोष केला. हा जल्लोष फार मोलाचा आहे, कारण आपण काय साजरे करत आहोत हे त्या लोकांना पूर्णपणे ठाऊक होते. स्वतःच्या दुर्दशेला नावानिशी ओळखून तिच्यासह नाचणे ही फुटबॉलच्या समर्थकांची पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई आहे, आणि लिंक्डइनच्या निवेदनाला नेमके हेच कधी जमत नाही. विडंबनात ते निवेदन असे उतरू शकेल: “कळवण्यास अत्यंत आनंद होतो की, आमच्या संघाने बारा गुणांचा टप्पा गाठला आहे. या प्रवासात साथ देणाऱ्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे मनःपूर्वक आभार. आपल्याला काय वाटते?” येथे अतिशयोक्ती जवळजवळ नाही. आकडा खरा आहे, भाषा खरी आहे, आणि लेखकाने फक्त दोघांना शेजारी बसवले आहे.

टॉटनहॅमचे प्रकरण अधिक अवघड असून चिरंजीवाने ते सरळसोट हाताळले आहे. त्याच हंगामात हा संघ बावीस सामने हरून सतराव्या, म्हणजे खाली उतरण्यापासून वाचलेल्या शेवटच्या स्थानावर राहिला, परंतु २१ मे रोजी बिल्बाओ येथे मँचेस्टर युनायटेडला एका गोलने हरवून त्याने युरोपा लीग जिंकली आणि २००८ नंतरचा पहिला करंडक मिळवला. आपण दुसऱ्या वर्षी नेहमी काहीतरी जिंकतो, असे प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू हंगामाच्या आरंभीच म्हणाले होते. म्हणजे येथे बढाई खरी ठरली, आणि खऱ्या ठरलेल्या बढाईचे विडंबन ‘बावीस पराभवांतून शिकलेले बावीस धडे’ अशा यादीने होत नाही. तरीही पोस्टेकोग्लू यांना ६ जून रोजी पदावरून दूर करण्यात आले. करंडकाबद्दल आभार आणि निरोप एकाच पत्रकात मांडणारी क्लबची भाषा हा येथला खरा विषय आहे.

काही ठिकाणी मात्र लेखणी आवरणेच बरे. मँचेस्टर युनायटेडने एके काळी नूडल्ससाठी आणि गाद्या-उशांसाठीही अधिकृत भागीदार नेमले होते, आणि या वस्तुस्थितीत कोणतीही भर घातली तर ती कमीच पडेल.

सर्वांत कळकळीने सांगण्याची गोष्ट ही की, थट्टा कोणाची होते याचे भान एका वाक्यापुरतेही सुटू नये. याच मँचेस्टर युनायटेडने २०२४ मध्ये सुमारे अडीचशे नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी आणखी कपात केली. अशा कपातीत काम गेलेल्या माणसाला घरभाड्याची चिंता असताना ‘नव्या संधींच्या शोधात’ असे हसतमुखाने लिहावे लागते, आणि ती भाषा त्याने निवडलेली नसून त्याच्यावर लादलेली असते. चिरंजीवाच्या चौथ्या लेखात बाकावर बसवलेल्या राखीव खेळाडूच्या आडून नोकरी शोधणाऱ्याचीच टिंगल झाली आहे, म्हणून तो लेख बाजूला ठेवावा. त्याउलट २०१८ च्या ऑगस्टमध्ये टॉटनहॅमकडून तीन गोलांनी हरल्यावर तीन बोटे दाखवून स्वतःच्या तीन प्रीमियर लीग विजेतेपदांची आठवण करून देणारे आणि पत्रकारांकडे आदराची मागणी करत उठून गेलेले मँचेस्टर युनायटेडचे तेव्हाचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांच्यासारखा सत्तेवर बसलेला, भरपूर वेतन घेणारा माणूस हा या प्रकाराचा न्याय्य विषय होय.

साउथहॅम्प्टनचा लेख प्रथम नव्याने लिहावा, त्यातला गोलरक्षकाचा परिच्छेद गाळावा, एका वाक्याचे परिच्छेद तसेच राखावेत, आणि शेवटच्या प्रश्नापुढे हास्यचिन्ह जोडू नये, कारण मूळ निवेदने तो प्रश्न गंभीरपणेच विचारतात.



शुभाशीर्वाद,
काका