मयताचे वारस कोण

शाहूवाडी तालुक्यात तेरावं उरकलं की पारावरचा कोणीतरी जाणकार सांगतोच, "आता कोर्टातनं वारस काढून घ्या." आमचे वडील, आबा, गेल्यावर आम्हालाही तेच सांगितलं गेलं. थोरला म्हणून कागदांची पिशवी माझ्याकडे आली. त्यानंतर मलकापूरचं कोर्ट, शाहूवाडीची तहसील आणि पतसंस्था यांच्यात फिरताना जे उमगलं ते असं.

१. आधी विचारा, वारस कशासाठी काढायचे?

दारं वेगवेगळी आहेत. शेतजमिनीला नाव लावायचं तर तलाठ्याकडे जायचं, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. बँकेतली ठेव, शेअर किंवा कुणाकडून येणं असलेली रक्कम यासाठी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं प्रमाणपत्र लागतं. सगळे त्याला नुसतं 'सक्सेशन' म्हणतात. 'हे या मयताचे वारस' एवढंच कोर्टाकडून हवं असेल, तर वारस दाखला काढायचा. तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो. एल्फिन्स्टनच्या अमदानीतलं हे रेग्युलेशन. त्या वेळी कोल्हापूर वेगळं संस्थान होतं आणि ते मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. तरी आज मलकापुरातला माणूस याच रेग्युलेशनचं नाव घालून अर्ज करतो.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, त्याचा संबंध फक्त मृत्युपत्राशी. मुंबई शहरातल्या मिळकतीसाठी ते वर्षानुवर्षं सक्तीचं होतं. आपल्याकडची निम्मी घरं मुंबईच्या गिरण्यांवर आणि गोद्यांवर उभी राहिली, त्यामुळे तिकडचं ऐकून इथेही लोक प्रोबेटला घाबरतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या जमिनीबाबत हिंदू माणसाने इकडेच केलेल्या मृत्युपत्राला ती सक्ती नव्हतीच.

तुमचा अर्ज तालुक्याच्या कोर्टात चालेल की वरच्या, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

२. सातबाऱ्याचं काम कोर्टात नेऊ नका

वारसांत वाद नसेल तर मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज एवढ्यावर वारसनोंद होते. जमीन महसूल संहितेप्रमाणे तीन महिन्यांत कळवायचं असतं. तलाठी नोंद धरतो, नोटीस काढतो, हरकत आली नाही तर मंडल अधिकारी फेरफार मंजूर करतात. आता ई-हक्कवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. २०२५ साली सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर काढली. मयतांची नावं किती वर्षं तशीच राहिली होती, हे त्यावरून कळावं.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. फेरफाराने मालकी मिळत नाही. सारा कोणाकडून घ्यायचा, एवढ्यापुरती ती नोंद असते.

३. खरा खटला नावांचा

कायदा वकील बघून घेतात. नावं मात्र तुम्हालाच जुळवावी लागतात. आमच्या आजोबांचं नाव सातबाऱ्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि सोसायटीच्या खात्यावर तिसरं. पांडू, पांडबा, पांडुरंग हा एकच माणूस आहे, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. कोर्टाला कागद लागतो. बायकांचं तर विचारूच नका. माहेरी एक नाव, लग्नात तांदळात लिहिलेलं दुसरं आणि आधार कार्डावर लिहिणाऱ्याला जे ऐकू आलं ते तिसरं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच लागू पडतो. शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढा. नगरपरिषदेतून किंवा ग्रामपंचायतीतून जन्म-मृत्यूच्या नोंदी घ्या. तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार आणि क-ड-ई पत्रक मिळवा. मलकापूर हे विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचं ठाणं, त्यामुळे काही घरांचे जुने कागद मोडीतच सापडतात. ते वाचून घ्यायला जाणकार गाठावा लागतो. मग 'या सर्व नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करा आणि अर्जातही 'ऊर्फ' लावून सगळी नावं घाला. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. बाहेरच्या टेबलावर कोणी स्टॅम्प पेपर पुढे केला, तर हे त्याला सांगा.

'ए.कु.मॅ.' ही तीन अक्षरंही सातबाऱ्यावर शोधा. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्या चुलत्याचं एकट्याचं नाव लागलेलं असतं आणि पुढची पिढी त्यालाच मालक समजून बसते. बाकीच्या भावांचा हक्क त्यामुळे जात नाही, मात्र तो दाखवायला मागचे फेरफार लागतात.

४. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

आमच्याकडे आबांच्या ठेवीला धाकट्याचं नाव नॉमिनी होतं आणि त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं की पैसे त्याचेच. हा गैरसमज मोठ्या घरांतही असतो. 'कालनिर्णय'च्या जयंत साळगावकरांच्या कुटुंबातला शेअरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ ला निकाल आला की नॉमिनी झाल्याने मालकी मिळत नाही, वारसाहक्क कायद्याने किंवा मृत्युपत्राने ज्याला मिळेल त्याची ती. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे, एवढाच नॉमिनीचा उपयोग.

रक्कम छोटी असेल तर सक्सेशनच्या भानगडीत पडण्याआधी बँकेला लेखी विचारा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांत नॉमिनी नसलेल्या खात्यांसाठीही सोपी पद्धत दिली आहे. सहकारी बँकांत ती ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंत आहे. पतसंस्थांना हे निर्देश लागू नाहीत, तिथे पोटनियम बघायचे.

५. अर्जाआधी आत्तीकडे जा

सगळ्यात जास्त वारस प्रकरणं अडतात ती इथे. अर्जात बहिणींची नावं गाळायची आणि 'त्यांना काय, त्या दिल्या घरी सुखी' म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगा, मुलगी, विधवा आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला जन्माने हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवे होते असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. आजोबा १९५६ नंतर वारले असतील, तर आत्तीही वारस.

मी वकीलपत्रावर सही करण्याआधी भेडसगावला आत्तीकडे गेलो. सगळं ऐकून ती म्हणाली, "मला जमिनीतलं कायबी नको. पण आधी माझ्याकडं आलास, हे बरं केलंस. नुसती नोटीस आली असती तर मी सही दिली नसती बघ." तिचं नाव तरीही अर्जात घातलं. नको असेल तर हक्कसोडपत्र नंतर करता येतं, तेही दुय्यम निबंधकांकडे नोंदवूनच. कोऱ्या कागदावरचा अंगठा हक्कसोड होत नाही.

वारसांत अज्ञान मूल असेल तर आणखी जपा. त्याच्या वाट्याची स्थावर मिळकत त्याची आईसुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाही. आमच्या वाडीतल्या एका घरात हे उशिरा कळलं आणि ठरलेला व्यवहार मोडला.

वाद झालाच तर रस्ता लांबचा आहे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, म्हणून तिथवर गेलेल्यांची मुंबई तरी वाचली. म्हणून भावाबहिणींनी भांडावं असं नव्हे.

६. जाहीर नोटिशीचा महिना

वारस दाखल्याच्या अर्जावर कोर्ट जाहीरनामा काढतं आणि हरकतीला एक महिना देतं. वर्तमानपत्रात छापायची नोटीस छापण्याआधी स्वतः वाचा. त्यात गट नंबर चुकला तर पुन्हा खर्च. आणि पत्त्यात 'तालुका शाहूवाडी, जिल्हा कोल्हापूर' हवंच. एक मलकापूर कराडला चिकटून आहे, दुसरं बुलढाण्यात रेल्वेच्या वाटेवर. टपालाला तिन्ही सारखीच.

७. साक्ष

फार काही नसतं. पुकारा झाला की आत जायचं आणि प्रतिज्ञापत्रातलं खरं असल्याचं सांगायचं. विचारतील तेवढंच बोला.

८. मृत्युपत्र करणार असाल तर

साक्षीदार दोन लागतात, आणि ते तुमच्यापेक्षा तरुण निवडा. मृत्युपत्र पुढे सिद्ध करायची वेळ आली, तर त्यातला एक तरी कोर्टात उभा राहावा लागतो. आपल्याकडे मानाने वडीलधाऱ्यांच्या सह्या घेतात आणि वेळ येते तेव्हा तेही गेलेले असतात. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी करून ठेवा.

९. नकला

दाखला हातात पडला की त्याच दिवशी नक्कल विभागात अर्ज टाका आणि सहीशिक्क्याच्या नकला लागतील त्याहून जास्तच मागा. आमच्याकडे एका संस्थेच्या काउंटरवर मूळ दाखलाच ठेवून घ्यायचा हट्ट धरला होता. मूळ दाखवायला द्यावा, ठेवायला नाही. नक्कल दिली, तिची पोच घेतली आणि पोचेवर तारीख घालायला लावली.