टर्बो बदलण्याआधी

‘पिकअप नाही, टर्बो गेलाय, नवा टाका’ असं सांगत कऱ्हाडला आमच्या गॅरेजात डिझेल गाड्या येतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा टर्बो शाबूत असतो. ज्यांचा खरंच गेलेला असतो, तोही आपणहून गेलेला नसतो. त्याला तेल कमी पडलेलं असतं, नाहीतर हवेतून धूळ गेलेली असते. नवा टर्बो म्हणजे छोट्या टेम्पोवाल्याचं हप्त्याचं गणित बिघडवणारा खर्च. म्हणून हे लिहितोय.

१. टर्बोचा जीव तेलात आहे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरतं, त्याच शाफ्टवरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात ढकलतं. छोट्या डिझेल गाडीत हा शाफ्ट मिनिटाला दीड लाखाच्या पुढे फेरे घेतो. बहुतेक टर्बोंमध्ये त्याला बॉल बेअरिंग नसतं. साध्या बुशमध्ये, तेलाच्या पातळ थरावर तो तरंगतो. तो थर काही सेकंद तुटला तरी शाफ्टवर ओरखडे पडतात. तेव्हा कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल, आणि वेळेवर. धुळीत, घाटात, पूर्ण लोडवर चालणाऱ्या गाडीला पुस्तिकेतलीच जड वापराची मुदत धरा, ती कमी असते. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या बीएस-६ गाडीला त्यासाठीचं कमी राखेचं ऑइल लागतं, स्वस्त मिळालं म्हणून दुसरं ओतू नका.

२. गाडी बंद कशी करता, हे सुरू कशी करता याइतकंच महत्त्वाचं. चिपळूणकडून आंब्याच्या पेट्या भरून कुंभार्ली घाट चढलेली गाडी माथ्यावर चहाला थांबते आणि ड्रायव्हर लगेच चावी फिरवतो. त्या क्षणी टर्बोचं गरम अंग शेकडो अंशांवर असतं. इंजिन थांबलं की तेलाचा पंपही थांबतो, आणि आत अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. तो कोळसा तेलाच्या बारीक पाइपात थरावर थर बसतो. घाट चढून किंवा हायवेवर पळवून आणल्यावर मिनिटभर, जास्त तापली असेल तर दोन मिनिटं, गाडी आयडलवर ठेवा आणि मग बंद करा. गावात सावकाश फिरून आलेल्या गाडीला एवढं थांबायची गरज नाही.

बंद करण्याआधी एकदा रेस मारायची जुनी सवय मात्र कायमची सोडा. रेस मारून चावी काढली की तेलाचा दाब संपतो आणि शाफ्ट जोरात फिरतच राहतो. नव्या पोरांना हे उस्तादांनीच शिकवलेलं असतं, म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो. सकाळी थंड गाडी चालू करतानाही पहिलं अर्धं मिनिट रेस नको.

३. ओढ कमी झाली तर आधी पाइप बघा. एका पिकअपवाल्याला दुसऱ्या गॅरेजात टर्बो बदलायला सांगितलं होतं. इंटरकूलरच्या होजला क्लिपखाली चीर होती. दाबलेली हवा तिथून निघून जात होती, म्हणून काळा धूर आणि फुसफुस आवाज. होज बदलला, गाडी पहिल्यासारखी ओढू लागली. गळतीच्या जागी तेलकट धुळीचा डाग पडतो, तो हाताने चाचपून सापडतो. टर्बोच्या ॲक्च्युएटरकडे जाणाऱ्या व्हॅक्युमच्या बारीक नळ्याही तपासा. उंदीर त्या आवडीने कुरतडतात. एअर फिल्टर उघडून बघायला तर पैसेही लागत नाहीत.

४. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण दोषी टर्बोच असेल असं नाही. टर्बोतलं तेल आपल्या वजनाने खाली इंजिनच्या ऑइल संपमध्ये परततं. परतीचा पाइप तुंबला, किंवा ब्रीदर चोंदून इंजिनात वाफेचा दाब वाढला, तर चांगला टर्बोही सीलमधून तेल फेकतो. होजमध्ये तेलाचा ओलसर हात चालतो, डबकं साचलं तर शोध घ्या.

५. इंजिन थंड असताना हवेचा पाइप काढून चक्र बोटाने फिरवा. वर-खाली किंचित हललं तर चालतं. पुढे-मागे खडखडणं किंवा पाती घराला घासल्याची खूण दिसली, तर मात्र टर्बो संपला.

६. व्हीजीटी टर्बोत हलत्या पात्या असतात. फक्त गल्लीबोळांत फिरणाऱ्या गाडीत त्या काजळीने अडकतात, दिवा लागतो आणि गाडी जोर धरत नाही. अधूनमधून अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवा.

७. सील फुटून तेल थेट इंजिनात गेलं तर चावी काढूनही इंजिन आपल्याच तेलावर पळत सुटतं. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक गच्च दाबा, वरचा गिअर टाका, क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ते जमत नसेल तर माणसं लांब न्या. हवेच्या तोंडावर हात कधीच धरू नका.

८. नवा टर्बो बसवताना तेलाचा पाइप आणि बँजो बोल्ट नवे घ्या, ऑइल-फिल्टर बदला, इंटरकूलरमधलं तेल आणि पात्यांचे तुकडे पूर्ण काढा. जोडाला सिलिकॉन थापू नका. त्याची गुठळी तेलाची वाट अडवते. टर्बोत आधी तेल भरा, मगच गाडी चालू करा. यातलं एकही राहिलं तर नवा टर्बोही पहिल्या घाटात जाऊ शकतो.

पैसे देण्याआधी जुना टर्बो हातात मागा आणि तो कशामुळे गेला हे मिस्त्रीकडून बिलावर लिहून घ्या. कारण सांगता येत नसेल, तर नवा बसवू देऊ नका.